खोल बेसमेंट बांधणाऱ्यांना खुलं पत्र : आधी स्लॅब घाला, मग खोदा

प्रति,
बेसमेंटवाले सगळे डेव्हलपर, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल कन्सल्टंट आणि नकाशावर सही-शिक्का मारणारे साहेब लोक,

नमस्कार मंडळी,

तुमच्या ड्रॉइंगमध्ये चार मजली बेसमेंट अगदी देखणं दिसतं. गाड्यांच्या रांगा, रॅम्पचं वळण, लिफ्टचा पिट, सगळं जागच्या जागी. फक्त तिथपर्यंत पोचायचं कसं हे कुठेच दिसत नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ असते, 'शोरिंगची जबाबदारी कंत्राटदाराची', म्हणजे खोदताना बाजूची माती त्याने धरून ठेवायची, आणि विषय संपला. मग कंत्राटदार त्याला जे स्वस्त पडतं ते करतो, त्यात त्याची तरी काय चूक, टेंडर त्याला तेवढ्यातच मिळालेलं असतं, आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या माणसाच्या भिंतीला भेग पडली की त्याला मात्र या ऑफिसातून त्या ऑफिसात नुसतं फिरवलं जातं.

मी जमिनीखालच्या कामांवरच राबलेला माणूस. माझं म्हणणं एवढंच आहे की खोल बेसमेंट खालून वर बांधायचं की वरून खाली, हे पहिल्या स्केचच्या वेळी ठरवायचं असतं. आणि जागा दाट वस्तीत असेल, माती मऊ असेल, पाणी वर असेल आणि तीन मजल्यांहून खाली जायचं असेल, तर पहिली पसंती वरून खाली हीच असायला हवी. ज्याला ती नको असेल त्याने का नको ते लिहून द्यावं. आज सगळं उलटं चाललंय, टॉप-डाऊन मागणाऱ्यालाच खुलासे द्यावे लागतात आणि उघडा खड्डा मारणाऱ्याला कोणी काही विचारत नाही.

उघडा खड्डा म्हणजे नक्की काय ते आधी बघू. १५ मीटर खोली धरा, म्हणजे साधारण चार बेसमेंट. पाणी जमिनीलगत असेल तर तळाशी नुसत्या पाण्याचा दाब दर चौरस मीटरला १५ टन होतो, आणि वरपासून खालपर्यंतचा हिशेब लावला तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला ११० टनांच्या वर पाणी आत ढकलत असतं, माती ढकलते ते वेगळंच. झाकण फाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याच्या बाजू हाताने सहज आत दबतात ना, तीच गत या खड्ड्याची असते. झाकण नाही म्हणून मग आपण आडवे लोखंडी स्ट्रट लावतो, नाहीतर भिंतीतून मागच्या मातीत अँकर मारतो, म्हणजे भिंतीला मागे खेचून धरणाऱ्या लांब केबली. अँकरसाठी शेजाऱ्याच्या जमिनीखाली घुसावं लागतं, आणि तो परवानगी देईलच असं नाही, का द्यावी त्याने.

स्ट्रटची गंमत अशी की तो लावताना सगळ्यांना आठवतो आणि काढताना कोणालाच आठवत नाही. खोदत खाली जाताना एकेक स्ट्रट लावत गेलात, तळाला राफ्ट, म्हणजे पूर्ण खड्डाभर पायाचा जाड स्लॅब, ओतला, आता वर येताना तोच स्ट्रट काढायचा आणि त्याच्या जागी स्लॅब आणायचा. म्हणजे भिंतीचा भार एकदा स्ट्रटवर गेला, मग तिथून सुटून स्लॅबवर गेला. प्रत्येक हस्तांतरात भिंत थोडी सरकते, आणि भिंत सरकली की मागची जमीन बसते. त्यात उन्हाचा खेळ. २० मीटरचा लोखंडी स्ट्रट २० अंशांनी तापला तर जवळपास ५ मिलिमीटर लांब व्हायला बघतो, दोन्ही टोकांना भिंत असल्यामुळे त्याला लांब होता येत नाही, मग आतल्या आत त्याच्यावरचा भार वाढत जातो, संध्याकाळी परत उतरतो. शिवाय या स्ट्रटच्या जाळीतून माती उपसायची, सळई खाली सोडायची, काँक्रीट न्यायचं, बकेटचा एक धक्का जरी स्ट्रटला बसला तरी सगळ्यांचा श्वास अडकतो.

वरून खाली बांधण्यात काय होतं? आधी प्लॉटच्या कडेने डायफ्राम वॉल घालतात, साइटवर सगळे तिला डी-वॉलच म्हणतात. जमिनीवर दोन छोट्या गाइड वॉल, त्यांच्यामधून ग्रॅब, म्हणजे मातीचा घास घेणारी बादली, खाली सोडून चर खोदायचा, चर ढासळू नये म्हणून तो सतत बेंटोनाइट या चिकणमातीच्या पाण्याने भरलेला ठेवायचा, मग सळईचा पिंजरा सोडायचा आणि ट्रेमी पाइपने तळापासून काँक्रीट भरत यायचं, बेंटोनाइट वरून बाहेर पडतं. असे एकेक पॅनेल करत पूर्ण कडं बंद करायचं. जाडी साधारण ६०० मिलिमीटर ते १ मीटर, गरज पडली तर जास्त. नंतर आतले पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले पायाचे खांब. पाइलचं काँक्रीट फक्त राफ्टच्या लेव्हलपर्यंतच ओतायचं आणि ते ओलं असतानाच त्यात वरून लोखंडी कॉलम खुपसायचा, त्याला प्लंज कॉलम म्हणतात. म्हणजे खड्डा एक फूटही खोदलेला नाही आणि भविष्यातल्या चारही बेसमेंटचे कॉलम मातीच्या आत उभे. मग जमिनीवरच तळमजल्याचा स्लॅब ओतायचा, शटरिंगखाली टेकू नाहीत, खाली जमीनच आहे, त्यात माती काढायला मोठी भोकं ठेवायची आणि त्या भोकांतून खाली उतरून स्लॅबच्या पोटातली माती काढायला लागायचं. एक मजला खोदला की तिथला स्लॅब, परत खोदाई, परत स्लॅब, असं करत तळाला राफ्ट.

म्हणजे झाकण आधी. आणि हे झाकण कायमचं, नंतर काढून फेकायचं नाही. स्लॅब त्याच्या सपाटीत स्ट्रटपेक्षा कितीतरी पट ताठ असतो आणि भिंतीला एका बिंदूत न धरता पूर्ण लांबीभर धरतो. भार एकदाच बसतो आणि तिथेच राहतो.

स्लॅब भिंतीला धरून ठेवतो हे पुस्तकातलं वाक्य वाटत असेल तर न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायाचं उदाहरण घ्या. १९६० च्या दशकात तिथे सुमारे ३ फूट जाडीची स्लरी वॉल (डी-वॉलचंच दुसरं नाव) जवळजवळ ७० फूट खाली खडकापर्यंत नेली, हडसन नदीचं पाणी अडवायला. खोदताना ती अँकरवर धरली होती, बेसमेंटचे स्लॅब झाल्यावर अँकर सोडून दिले, कारण धरायचं काम आता स्लॅब करत होते. २००१ साली टॉवर कोसळले तेव्हा हे स्लॅबही बऱ्याच ठिकाणी तुटले आणि भिंत एकदम निराधार झाली, एका बाजूला तर ती आत सरकायला लागली, तिला आतल्या बाजूने भराव टाकून आधार द्यावा लागला, आणि मग ढिगारा उपसत उपसत परत नवे अँकर मारत खाली जावं लागलं. बेसमेंटचा स्लॅब म्हणजे फक्त गाडी लावायची फरशी समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

आणि ही पद्धत काही कालची नाही. बेंटोनाइटने चर धरून भिंत ओतायचं तंत्र इटलीत १९५० च्या सुमारास पुढे आलं, ऑस्ट्रियन इंजिनिअर ख्रिश्चन वेडर यांचं नाव त्यात घेतलं जातं. मिलान मेट्रोची पहिली लाइन १९६४ मध्ये सुरू झाली, ती याच पद्धतीने केली, बाजूच्या भिंती, वर छत, छतावर रस्ता परत चालू, आणि खाली निवांत खोदाई. आजही तिला मिलान पद्धत म्हणतात. लंडनमध्ये १९७० च्या दशकात पार्लमेंटच्या आवारात खासदारांच्या गाड्यांसाठी जमिनीखाली पार्किंग केलं, खोली साडेअठरा मीटर, आणि अगदी खेटून बिग बेनचा मनोरा. तिथे खोदत जाताना पार्किंगचे मजलेच भिंतींना टेकू म्हणून वापरले. ज्या मनोऱ्याच्या घड्याळाकडे सगळं जग बघतं त्याच्या पायाशी ही पद्धत चालली, तर तुमच्या प्लॉटशेजारच्या साध्या बिल्डिंगला का चालू नये.

वेळेचा मुद्दा तुम्हाला जास्त जवळचा असणार, म्हणून तोही सांगतो. तळमजल्याचा स्लॅब झाला की वरही बांधता येतं आणि खालीही. लंडनच्या 'द शार्ड' या उंच टॉवरमध्ये बेसमेंटची खोदाई पूर्ण व्हायच्या आत मधला काँक्रीट कोअर, म्हणजे लिफ्ट-जिन्याभोवतीचा गाभा, वीसेक मजले वर गेला होता. उघड्या खड्ड्यात तुम्ही राफ्ट होईपर्यंत वर वीटही लावू शकत नाही. आणि पाण्याचंही गणित आहेच, राफ्टखालून पाणी वर ढकलतं, उघड्या खड्ड्यात बिल्डिंगचं वजन पुरेसं चढेपर्यंत पंप बंद करता येत नाही, इथे खोदाई संपते तोवर वरचं वजन बऱ्यापैकी आलेलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सोन्यासारखं आहे तर सगळेच का करत नाहीत. कारण अवघड आहे, आणि जिथे अवघड आहे तिथे ड्रॉइंग करणाऱ्याचं डोकं लागतं, नुसत्या कंत्राटदाराचं नाही.

पहिली डोकेदुखी प्लंज कॉलम. तो जमिनीवरून सोडायचा, खाली बेंटोनाइटमध्ये काही दिसत नाही, आणि तो सरळ उभा राहिला पाहिजे. ४०० ला १ एवढा तिरकेपणा चालेल म्हटलं तरी १५ मीटरला साधारण ३७ मिलिमीटर होतात, आणि तेवढंही गाठायला वर भक्कम गाइड फ्रेम, कॉलमला सेन्सर, जॅकने बारीक सारखं करणं हे सगळं लागतं. पाइलच्या काँक्रीटला रिटार्डर घालून ते तासन् तास ओलं ठेवावं लागतं, नाहीतर कॉलम अर्ध्यावर अडकतो, आणि अडकलेला प्लंज कॉलम ना खाली जातो ना वर येतो. मग आर्किटेक्टसाहेब, तुमची पार्किंगची ग्रिड ठरवताना हे कॉलम कुठे येणार हे आधी बघा ना. प्रत्येक कॉलमखाली एकच दणकट पाइल असावा लागतो. वरच्या मजल्यांवर कॉलम एकीकडे, बेसमेंटमध्ये दुसरीकडे, मध्ये भलीमोठी ट्रान्सफर बीम, हे प्रकार टॉप-डाऊनमध्ये फार महाग पडतात.

दुसरी डोकेदुखी भोकं. माती काढायला स्लॅबमध्ये उघडी जागा लागते, आणि साइटवाला म्हणतो जेवढी मोठी तेवढी बरी, डिझायनर म्हणतो जेवढी छोटी तेवढी बरी, कारण स्लॅब आता भिंतीचा टेकू आहे, त्यातून जाणारा भार भोकाला वळसा घालून जातो आणि कडेला जाड बीम मागतो. ही भांडणं साइटवर होता कामा नयेत. जिना, रॅम्प, शाफ्ट, लिफ्ट यांच्या जागा कायमच्या उघड्याच राहणार असतात, त्याच माती काढायला वापरता येतील अशा आखा. वर लांब बूमचं ग्रॅब मशीन उभं राहणार, ट्रक येणार-जाणार, तिथला तळमजल्याचा स्लॅब त्या वजनाला डिझाइन केलेला पाहिजे. हे नंतर आठवतं आणि मग स्लॅबच्या खाली टेकू द्यायला पळापळ होते, खाली तर नुकतीच माती काढलेली असते.

तिसरं, भिंत आणि स्लॅबचा सांधा. यावर जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त घाम इथेच गळतो. डी-वॉलच्या पिंजऱ्यात आधीच कपलर, म्हणजे सळईला सळई जोडायचे आट्यांचे तुकडे, बांधून ठेवतात, स्लॅबच्या लेव्हलला, आणि त्यावर थर्माकोल नाहीतर प्लायचा खोका, म्हणजे काँक्रीट आत जाऊ नये. भिंत ओतल्यावर सहा-आठ महिन्यांनी खोदत खोदत त्या लेव्हलला पोचायचं, भिंतीवरची माती खरवडायची, ब्रेकरने वरचा थर फोडायचा, थर्माकोल नखांनी काढल्यासारखं काढायचं, आणि मग कपलरचं तोंड दिसतं. दिसलं तर. पिंजरा ओतताना दोन इंच खाली बसला असेल तर अख्खी ओळ दोन इंच खाली. पिंजरा जरा फिरला असेल तर कपलर भिंतीच्या पोटात गेलेला. झाकणाची टोपी निघालेली असेल तर आट्यांमध्ये बेंटोनाइट वाळून बसलेलं, ते तारेच्या ब्रशने साफ करत बसा. मग साइटवर एकच मार्ग सुचतो, भोक पाडून केमिकलने सळई बसवा, आणि प्रत्येक ठिकाणी ते चालतंच असं नाही, भिंतीची उभी सळई मध्ये येते. कन्सल्टंटसाहेब, हा सांधा डिझाइन करताना लेव्हलला थोडीफार चूक होणारच असं धरूनच करा. पिंजरा १५-२० मीटर लांबीचा, क्रेनला लटकलेला, न दिसणाऱ्या चरात सोडायचा असतो, तुमच्या स्क्रीनवर तो मिलिमीटरमध्ये बसतो म्हणून खाली बसत नाही.

चौथं, खालच्या लोखंडी कॉलमभोवतीचं काँक्रीट आणि आतल्या भिंती वरच्या स्लॅबनंतर ओततात, म्हणजे काँक्रीट वरून सरळ ओतता येत नाही. वरच्या स्लॅबमध्ये पाइप सोडून ठेवावे लागतात, त्यांतून काँक्रीट खाली भरायचं, आणि स्लॅबच्या पोटाशी शेवटचे एक-दोन इंच कधीच पूर्ण भरत नाहीत, काँक्रीट बसतं, हवा अडकते, तिथे न आकसणारा ग्राउट प्रेशरने भरावा लागतो. हे पाइप स्लॅब ओतायच्या आधी ठेवले नाहीत तर नंतर कोअर कटिंग मशीन आणि सगळ्यांची तोंडं वाकडी.

खाली काम करणाऱ्यांचंही बघा. मोठे पंखे, भरपूर लाइट, डिझेलच्या धुराचा बंदोबस्त, शक्य तिथे इलेक्ट्रिक मशीन. मजल्याची उंची कमी असेल तर पोकलेन मान वाकवून चालवावा लागतो, म्हणून कधी कधी एक मजला सोडून दोन मजले एकदम खोदतात आणि मधला स्लॅब नंतर घालतात. चालतं, पण भिंत तेवढ्या उंचीला विनाटेकू उभी राहील असा हिशेब आधी केलेला असेल तरच. घाईत साइटवर घेतलेला हा निर्णय म्हणजे टॉप-डाऊनचे पैसे देऊन उघड्या खड्ड्याची जोखीम घेणं.

आणखी दोन गोष्टी, ज्या डिझायनर लोक कॉम्प्युटरवर विसरतात. १५ मीटर माती काढली की तळाच्या जमिनीवरून दर चौरस मीटरला २७ ते ३० टन वजन उतरतं, जमीन फुगते आणि पाइलला घेऊन वर येते, तिकडे वर मजले चढत असतात ते पाइलला खाली दाबतात, मधले कॉलम एका गतीने हलतात आणि कडेची भिंत दुसऱ्या गतीने, आणि हा फरक स्लॅब सोसतो. दुसरं, काँक्रीट आकसतं. ६० मीटर रुंद स्लॅबला ३०० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे मीटरमागे ०.३ मिलिमीटर, आकसणं धरलं तर दोन्ही कडांना मिळून १८ मिलिमीटर होतात, तेवढ्याने भिंती आत येऊ शकतात. म्हणून स्लॅबने धरलंय म्हणजे हालचाल शून्य असं शेजाऱ्याला सांगू नका. कमी असते, शून्य नसते.

सगळीकडे टॉप-डाऊनच करा असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. एकच बेसमेंट असेल, आजूबाजूला मोकळी जागा असेल, खडक वरच लागत असेल तर उघडा खड्डाच बरा, उगाच प्लंज कॉलमचे चोचले कशाला. आणि दोन्ही एकत्रही करता येतं. शांघाय टॉवरमध्ये मुख्य टॉवरसाठी १२१ मीटर व्यासाचा गोल खड्डा केला, गोल भिंत स्वतःच कमानीसारखी दाब घेते त्यामुळे आत स्ट्रटची गर्दी नाही, तिथे खालून वर बांधलं, आणि भोवतीच्या पोडियमचं, म्हणजे टॉवरच्या पायथ्याच्या बुटक्या इमारतीचं, बेसमेंट वरून खाली. ठरवून केलं होतं, म्हणून जमलं. अर्धा खड्डा उघडा मारल्यावर शेजारी भेगा पडायला लागल्या म्हणून 'आता टॉप-डाऊन करू' असं करता येत नाही, तोवर प्लंज कॉलम टाकायची वेळ निघून गेलेली असते. मी असे फोन घेतलेत, पलीकडच्या माणसाला सांगण्यासारखं फारसं काही नसतं.

आणि भिंतच कच्ची असेल तर पद्धत कुठलीही असो, वाचवत नाही. ३ मार्च २००९ ला जर्मनीतल्या कोलोन शहरात मेट्रोच्या खड्ड्याशेजारची ऐतिहासिक अभिलेखागाराची इमारत कोसळली, दोन जण गेले, शेकडो वर्षांची कागदपत्रं ढिगाऱ्यात आणि पाण्यात गेली. तपासात बोट डायफ्राम वॉलच्या एका सदोष पॅनेलकडे गेलं, त्यातून माती आणि पाणी खड्ड्यात शिरलं आणि इमारतीखालची जमीनच निघून गेली. एक पॅनेल. म्हणून चर खोदताना दगड लागला, ग्रॅब अडला, काँक्रीटचा हिशेब जुळला नाही, तर त्याची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे आणि ती डिझायनरपर्यंत पोचली पाहिजे. त्या पॅनेलसमोर खोदायला सहा महिन्यांनी दुसरीच माणसं येणार असतात, त्यांना काय माहीत आत काय दडलंय.

सिंगापूरचं निकोल हायवे प्रकरण दुसऱ्या टोकाचं. २० एप्रिल २००४, मेट्रोसाठी तीसेक मीटर खोल खड्डा, लोखंडी स्ट्रटवर धरलेला. स्ट्रट आणि वेलर (भिंतीलगतची आडवी लोखंडी बीम) यांचे सांधे बसले, एकामागून एक स्ट्रट गेले, भिंत आत आली, वरचा रस्ता खचला, चार जणांचा जीव गेला. चौकशीत डिझाइनमध्ये मऊ मातीची ताकद जास्त धरली गेल्याचं निघालं, आणि भिंतीची हालचाल आधीपासून मर्यादेबाहेर जात होती हेही निघालं. म्हणजे मीटर सांगत होते. माती आणि पायाच्या कामातले नामवंत इंजिनिअर राल्फ पेक यांनी १९६९ मध्येच ऑब्झर्व्हेशनल मेथड नीट मांडून ठेवली होती, जमीन बघत बघत काम बदला, पण आकडा वाढला तर काय करायचं ते आकडा वाढायच्या आधी ठरवून ठेवा. आपल्याकडे अर्धंच उचललं जातं, भिंत किती झुकली ते मोजणारा इन्क्लिनोमीटर बसवायचा, रीडिंग घ्यायचं, फाइलला लावायचं, आणि लाल रेषा ओलांडली की लाल रेषाच वर सरकवायची.

तर मागणं काय आहे ते स्पष्ट लिहितो.

मंजुरी देणाऱ्या साहेबांनी फक्त शेवटचं बेसमेंट दाखवणारा नकाशा घेऊ नये. प्रत्येक टप्प्याचं ड्रॉइंग मागा, कुठल्या लेव्हलपर्यंत खोदल्यावर भिंतीला कोण धरतंय, ते काढणार कधी, त्याच्या जागी काय येणार. तीन मजल्यांहून खोल, लागून बिल्डिंग, आणि पद्धत उघड्या खड्ड्याची असेल तर ती का निवडली याचं एक पान जास्तीचं मागा. शेजारच्या इमारतींचा आधी फोटोंसकट सर्व्हे झालाय का बघा, नंतर भेग जुनी की नवी यावर कोर्टात वर्षं जातात.

कन्सल्टंट मंडळींनो, 'शोरिंगची जबाबदारी कंत्राटदाराची' ही ओळ पुसून टाका. भिंत, स्लॅब, भोकं, सांधे आणि क्रम हे सगळं एकाच डोक्याने केलेलं डिझाइन असतं, त्याचे तुकडे करून तीन जणांना वाटले की मधल्या फटीत कोणीच नसतं.

डेव्हलपर शेठ, तुमच्यासाठी एवढंच की तुलना करताना खोदाईचा दर खोदाईच्या दराशी लावू नका. टॉप-डाऊनमध्ये माती उपसायला जास्त पैसे लागतात हे खरंय. पण काढून फेकायचे स्ट्रट, महिनोन् महिने चालणारे पंप, राफ्ट होईपर्यंत थांबलेले वरचे मजले आणि शेजाऱ्याची दुरुस्ती हेही त्याच कागदावर मांडा आणि मग बेरीज करा. आणि मॉनिटरिंगचे आकडे शेजाऱ्यांना दर आठवड्याला द्या, त्यांच्या घराच्या हालचालीचे आकडे तुमच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचं काही कारण नाही.

आर्किटेक्टसाहेब, तुमच्याकडे मागणं फक्त एका मीटिंगचं. कॉलमची ग्रिड आणि रॅम्पची जागा पक्की करायच्या आधी पाइलिंगवाला, माती बघणारा आणि स्लॅब डिझाइन करणारा या तिघांना एका टेबलावर बसवा.

आपला,
जमिनीखाली काम करणारा एक इंजिनिअर

ता.क. जमिनीवर स्लॅब ओतताना खाली जो पीसीसीचा, म्हणजे बिनसळईच्या साध्या काँक्रीटचा, पातळ थर घालता, त्यावर प्लॅस्टिक नाहीतर प्लाय घालायला विसरू नका. नाहीतर तो स्लॅबला चिकटून राहतो, खालची माती काढल्यावरही लटकत राहतो, आणि कधीतरी खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर त्याचा तुकडा सुटतो. माती निघाली की आधी तो थर पूर्ण खरवडून पाडायचा, आणि मगच माणसांना त्याखाली सोडायचं, हे मेथड स्टेटमेंटमध्ये ठळक अक्षरात घाला.